अल्केनांचें कुळ आणि घरांतील सिलिंडर

सेंद्रिय रसायनशास्त्र हें नांव ऐकतांच पुष्कळ विद्यार्थ्यांच्या छातींत धडकी भरते. मिथेन, ईथेन, प्रोपेन, ब्यूटेन हीं नांवें ते पाढ्यांप्रमाणें घोकतात आणि परीक्षा होतांच विसरतात. वस्तुतः ह्यांपैकीं शेवटचीं दोन द्रव्यें मालगुंडांतील घरोघरीं सिलिंडरांत भरलेलीं आहेत, आणि त्यांच्या नांवांचा अर्थ ज्यास नीट कळला त्यास आपल्या घराचें रक्षण अधिक चांगलें करितां येईल असें आम्हांस वाटतें. म्हणून हा लेख पालकांनींही वाचावा अशी आमची विनंती आहे.

प्रथम ह्या कुळाची घडण पाहूं. कार्बनच्या अणूस चार हात आहेत व हायड्रोजनच्या अणूस एकच, असें समजावें. एका कार्बननें चार हातांनीं चार हायड्रोजन धरिले म्हणजे मिथेन झाला. दोन कार्बननीं एकेक हात परस्परांस दिला तर प्रत्येकाचे तीन हात उरतात व त्यांवर सहा हायड्रोजन बसतात, हा ईथेन. ह्याच रीतीनें तीन कार्बनचा प्रोपेन व चारांचा ब्यूटेन होतो. प्रत्येक कार्बनमागें दोन हायड्रोजन आणि साखळीच्या दोन्ही टोकांस एकेक अधिक, एवढें ध्यानांत ठेविलें कीं सूत्र पाठ करण्याची गरज नाहीं. कार्बन दहा असतील तर हायड्रोजन बावीस. कोणाचाही हात मोकळा नसल्यामुळें ह्यांस संपृक्त म्हणतात, आणि अम्लें व अल्कली ह्यांच्या वाटेस सहसा जात नाहींत. ह्या कुळाचें जुनें नांव पॅराफिन. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ ‘फारशी सलगी नसलेला’ असा आहे. नाताळांत आपण मेणबत्त्या लावितों त्यांचें मेण बहुधा पॅराफिनचेंच असतें. त्यांतील साखळ्या वीस कार्बनच्या पुढें जातात.

आतां नांवांविषयीं. ज्या १८६६ सालीं ह्या गांवीं कवि केशवसुत जन्मले, त्याच सालीं हॉफमन ह्या जर्मन रसायनज्ञानें अशा द्रव्यांच्या नांवांचे शेवट स्वरांच्या क्रमानें ठरवावे अशी सूचना केली. पुढें १८९२ सालीं जिनिव्हा येथील परिषदेंत नामकरणाचे नियम झाले. पहिलीं चार नांवें जुन्या पदार्थांवरून आलेलीं आहेत. ब्यूटेनच्या नांवांत तर लोणी दडलेलें आहे! पांचव्यापासून मात्र ग्रीक अंक सुरू होतात: पेंटेन, हेक्झेन, हेप्टेन, ऑक्टेन. पंच, षट्, सप्त, अष्ट म्हणणाऱ्या मुलांस हीं परकीं कां वाटावीं? संस्कृत व ग्रीक ह्या भगिनीच आहेत.

चार कार्बन एका ओळींत जोडतां येतात, किंवा तीन ओळींत ठेवून चवथा मधल्यास फांदीसारखा लावितां येतो. दुसऱ्या रचनेचें नांव २-मिथिलप्रोपेन. सर्वांत लांब साखळी तिघांची म्हणून प्रोपेन, आणि फांदी दुसऱ्या कार्बनवर म्हणून दोन. अणु तेवढेच, रचना निराळी. ह्यांस समघटक म्हणतात. पेंटेनचे समघटक तीन, तर डेकेनचे पंचाहत्तर आहेत.

साखळी जितकी लांब तितके रेणु एकमेकांस अधिक बिलगतात, व त्यांस विलग करण्यास उष्णता अधिक लागते. मिथेन उणे १६१.५ अंशांवर उकळतो, प्रोपेन उणे ४२ वर, सरळ ब्यूटेन उणे ०.५ वर. फांदीचा ब्यूटेन आटोपशीर, त्यास बिलगण्यास जागा कमी. तो उणे १२ च्या सुमारासच उकळतो. आपल्या जिल्ह्यांत दाभोळ येथें २०१३ सालापासून द्रवरूप नैसर्गिक वायूचीं जहाजें येऊं लागलीं. तो वायु मुख्यतः मिथेन, म्हणून त्यास भयंकर थंडींत ठेवावें लागतें. प्रोपेन व ब्यूटेन मात्र नेहमींच्या हवेंतही केवळ दाबानें द्रव होतात, आणि म्हणूनच सिलिंडरांत भरून घरीं आणतां येतात.

ह्या सिलिंडरासंबंधीं एक हिशेब प्रत्येकानें करून पाहावा. कार्बनचें वजन १२ व हायड्रोजनचें १ धरिलें तर मिथेनचें १६, प्रोपेनचें ४४ व ब्यूटेनचें ५८ होतें. हवेचें सरासरी २९. तेव्हां मुंबईंत नळानें घरोघर जाणारा मिथेन गळला तर छताकडे चढतो. सिलिंडरांतील वायु खालीं उतरून पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, ओट्याखालीं व खोलगट जागीं साचतो. वरची खिडकी उघडी आहे एवढ्यावर निर्धास्त राहूं नये. दारें सताड उघडावीं. ह्या वायूंस स्वतःचा असा ओळखूं येणारा वास नाहीं. येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त द्रव्याचा. हवेच्या शंभर भागांत सुमारें दोन भाग वायु मिसळला कीं एक ठिणगी पुरते. पुष्कळांस अशा वेळीं पंखा लावण्याची बुद्धि होते. तीच घातक, कारण बटणांत ठिणगी उडते. बटण लावूं नये, बंदही करूं नये. काडी ओढूं नये. रेग्युलेटर बंद करून सर्वांनीं बाहेर पडावें व १९०६ ह्या क्रमांकावर कळवावें.

प्रोपेनच्या एका रेणूस पूर्ण जळण्यास प्राणवायूचे पांच रेणु लागतात. ते मिळाले तर ज्योत निळी राहते. पावसाळ्यांत झडीच्या भयानें स्वयंपाकघर कोंदून घेतलें, किंवा शेगडीचीं छिद्रें बुजलीं, तर ज्योत पिंवळी पडते, भांडीं काळवंडतात, आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निर्माण होतो. त्यास वास नाहीं, आणि तो ओळखूं यावा म्हणून त्यांत कोणी कांहीं मिसळलेलेंही नसतें.