आई गेल्यानंतर सुरू होणारी गोष्ट

नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी एका कैद्यानं लिहायला घेतलं आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटेपर्यंत लेखणी खाली ठेवली नाही. अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’चा बहुतांश भाग कागदावर उतरला. कैद्याचं नाव पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, वय तेहेतीस. ज्या आईबद्दल तो लिहीत होता ती १९१७ मध्येच गेलेली होती. ती गेली तेव्हा त्याची अठरा वर्षंही पुरी झाली नव्हती. पंधरा वर्षांहून जास्त काळ मनात मुरलेलं सगळं त्या पाच दिवसांत बाहेर आलं, आणि आज जवळजवळ शंभरी गाठायला आलेलं ते पुस्तक अजून नव्या मुलांच्या हातात पडतंय. याचं मला आजही नवल वाटतं. सुरतेत राहून तर जास्तच वाटतं. ते का, ते पुढे येईलच.

आधी एका जुन्या कोड्याकडे पाहू. जगभर मुलांना सर्वांत जास्त आवडलेल्या कादंबऱ्यांची यादी काढली, तर तिच्यात आईबाप नसलेल्या मुलांची केवढी दाटी दिसते! योहाना श्पीरीची हायडी १८८० च्या सुमाराची. पोरकी हायडी डोंगरावरच्या तऱ्हेवाईक आजोबांकडे येऊन पडते. माँटगोमेरीची ॲन १९०८ मधली. एका भावाबहिणीनं शेतीच्या कामासाठी मुलगा मागवलेला असतो आणि अनाथालयातून येते ही बडबडी मुलगी. माँटगोमेरी स्वतः दोन वर्षांचीही नव्हती तेव्हा तिची आई गेली आणि आजीआजोबांनी तिला वाढवलं. फ्रान्सिस हॉजसन बर्नेटची १९११ मधली मेरी तर हिंदुस्थानातच जन्मलेली. पटकीच्या साथीत तिचे आईवडील जातात आणि ती इंग्लंडातल्या एका मोठ्या, बंद दारांच्या वाड्यात जाऊन पडते. हॅरी पॉटरपर्यंत हीच परंपरा चालत आली आहे.

असं का व्हावं? एक उत्तर अगदी कारागिराचं आहे. आईबाप घरात असले की गोष्टीतल्या मुलाला काही करता येत नाही. भूक लागली तर आई वाढते, भांडण झालं तर बाप मध्ये पडतो, अंधार पडला की हाक येते. लेखकानं त्यांना बाजूला केलं की सगळे निर्णय मुलाच्या अंगावर येतात. कोणावर विश्वास ठेवायचा, कोणत्या दारात उभं राहायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. वाचणारं मूल आईच्या कुशीत पडून हे वाचत असतं आणि आपण एकटे पडलो तर काय करू, याची रंगीत तालीम मनातल्या मनात करून घेतं. हे धाडस त्याला सुरक्षितपणे करता येतं, कारण पुस्तक मिटलं की आई शेजारीच असते.

मराठीतलं या जातीचं अस्सल उदाहरण म्हणजे ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’. किर्लोस्करवाडीत नोकरी करणाऱ्या या लेखकानं एक अनाथ मुलगा परक्या घरात आणून सोडला आणि तीन भागांत त्याला त्या घराचा करून टाकला. राजदत्तांनी केलेली मालिका दूरदर्शनवर लागायची तेव्हा तिच्या शीर्षकगीताच्या पहिल्या सुरालाच मुलं खेळ टाकून घरात धावायची. गोट्याचं पोरकेपण पहिल्या पानापासून आपल्याला ठाऊक असतं, आणि पानागणिक ते विरत जातं.

श्यामचं नेमकं उलटं आहे, आणि त्याच्या टिकून राहण्याचं रहस्य मला इथंच दिसतं. श्यामला आई आहे. पहिल्या रात्रीपासून चाळिसाव्या रात्रीपर्यंत ती घरात वावरते, रागावते, जेवू घालते, आजारी पडते. वाचणाऱ्याच्या हिशेबानं श्याम पोरका होतो तो अगदी शेवटी. पण गोष्ट सांगतोय कोण? प्रार्थना आटोपल्यावर आश्रमातल्या मित्रांना जवळ घेऊन बसलेला मोठा श्याम. गोविंदा, भिका, राम ऐकताहेत. त्याच्या बाजूनं पाहिलं तर आईचा मृत्यू पहिल्या पानाच्या आधीच घडून गेलेला आहे. म्हणजे आपण एका आईची गोष्ट वाचतोय असं वाटत असताना, प्रत्यक्षात आई नसलेल्या माणसानं एकेका रात्री केलेली तिची जुळवाजुळव ऐकत असतो. अशा बेचाळीस रात्री. एवढीशी फुलं खुडल्याचा प्रसंग, अळणी झालेली भाजी वडिलांनी मुकाट्यानं खाल्ल्याचा प्रसंग, आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईनं पसरलेला पदर. इतक्या किरकोळ गोष्टी कोणाच्या ध्यानात राहतात? ज्याची आई घरी आहे त्याच्या तर नाहीच राहत.

आता सुरतेकडे येतो. इथल्या लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा भागांत घरोघरी मराठी आणि अहिराणी ऐकू येते. यंत्रमागांवर आणि कापडाच्या डाइंग-प्रिंटिंगच्या मिलांत काम करायला जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली ही माणसं. त्यांना इथं आणणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी टाकलेला, तापी खोऱ्याचा. उधना सोडलं की बारडोली, व्यारा, मग नवापूर. या स्टेशनच्या अंगावरूनच दोन राज्यांची हद्द गेली आहे आणि फलाटावरच्या बाकाचं एक टोक गुजरातेत, दुसरं महाराष्ट्रात आहे. पुढे नंदुरबार, दोंडाईचा, आणि मग अमळनेर.

याच अमळनेरात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते. कोकणातल्या पालगडचा हा मुलगा तत्त्वज्ञानाच्या ओढीनं खानदेशात आला, शाळेत रुजू झाला आणि वसतिगृहाची जबाबदारी त्याच्याकडे आली. मुलं शाळेत गेली की हे शिक्षक त्यांची अंथरुणं नीट घालत, पडलेले कपडे धुऊन टाकत. आईपासून लांब आलेल्या त्या मुलांना रोज कुणीतरी आपलं म्हणणारं लागत होतं, आणि गुरुजींना तर आईच उरली नव्हती. पुस्तकातल्या आश्रमातली संध्याकाळ, ती प्रार्थना, ती दाटीवाटीनं बसलेली मुलं वाचताना मला राहून राहून त्या वसतिगृहाची आठवण होते. हे माझं वाचन आहे. पण एवढं खरं की आईला कोकणात निरोप दिलेला माणूस तिच्या गोष्टी सांगायला शिकला तो कोकणापासून दूर, दुसऱ्यांच्या मुलांमध्ये. अमळनेर बोरी नदीच्या काठी आहे. बोरी तापीला मिळते, तापी उकाईच्या धरणातून सुटून सुरतेला येते. त्या गावचं पाणीच आमच्या पुलांखालून समुद्राला जातं.

सुरत महानगरपालिकेची शिक्षण समिती गुजराती, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू यांच्या जोडीनं मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. तिथल्या मुलांना मी या पुस्तकातल्या रात्री मोठ्यानं वाचून दाखवल्या आहेत. मनात एक धास्ती असे. शंभर वर्षांपूर्वीचं कोकण, सोवळंओवळं, श्लोक, व्रतं. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढणाऱ्या पोरांना यातलं काय भिडणार? मुलं सोवळ्याच्या तपशिलांवरून सरळ पुढे गेली आणि कर्जापाशी येऊन थांबली. सावकाराचा माणूस दारात येऊन बसतो, वडील खाली मान घालतात, आई आतल्या खोलीत सगळं ऐकत उभी असते. हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. श्याम पुस्तकासाठी पैसे चोरतो, हेही लगेच समजलं. पोहायला जायच्या भीतीनं लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीनं मारत बाहेर काढते तेव्हा वर्ग खुश होतो. आणि पोहून आलेल्या पोराच्या अंगावरचे वळ पाहून तिचेच डोळे भरतात, तिथं सगळे गप्प होतात. ही आई चिडते, मारते, पश्चात्ताप करते. ती देव्हाऱ्यातली मूर्ती असती, तर एवढ्या पिढ्या तिला कोणी जवळ केलं नसतं.

एका प्रसंगावर मात्र मुलांनी मला अडवलं. डोक्यावरची लाकडाची मोळी खाली पडलेली एक म्हातारी महारीण रस्त्यात उभी आहे. मोळी उचलायला कोणी हात लावत नाही, कारण शिवाशिव. श्यामची आई त्याला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे आणि मग घरी येऊन आंघोळ कर. श्याम तसं करतो. गावात बोलणी होतात. ‘सर, मग आंघोळ कशाला?’ एका मुलीनं विचारलं.

मला वाटतं, अख्ख्या पुस्तकाला विचारायचा सर्वांत चांगला प्रश्न हाच आहे. श्यामची आई यशोदाबाई त्या काळातल्या, त्या गावातल्या. त्यांच्या दयेनं त्यांना जिथवर नेलं तिथवर त्या गेल्या. मोळीला हात लावायला सांगण्याइतक्या पुढे, आंघोळ टाळण्याइतक्या नाही. आई हयात असती तर मुलगा कदाचित तिच्याशी वाद घालत बसला असता, किंवा तिचं मन मोडू नये म्हणून आयुष्यभर आंघोळ करत राहिला असता. ती नव्हती. तिनं सांगितलेलं अर्धं राहिलं होतं आणि ते पुरं करायला तोच एकटा उरला होता. १ मे १९४७ ला साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून. दहा दिवसांनी दारं उघडायचं ठरलं आणि उपोषण सुटलं. पालगडच्या रस्त्यावर वाकून उचललेल्या त्या मोळीपासून पंढरपूरच्या देवळापर्यंत एक सरळ वाट जाते. मी त्या मुलीला एवढंच सांगितलं की हा प्रश्न श्यामलाही पडला होता आणि मोठेपणी त्यानं त्याचं उत्तर दिलं.

पोरकेपणाचं हे दुसरं काम हायडीत किंवा ॲनमध्ये मला दिसत नाही. तिथं पोरकं मूल घर शोधतं. इथं पोरकं मूल आईचं काम पुढे नेतं, आणि ते नेता यावं म्हणून ती नेमकी कशी होती, काय म्हणाली, कुठं थांबली, हे आठवून पाहतं.

शेवटच्या प्रकरणांकडे मी मुलांना घाईनं नेत नाही. श्याम शिक्षणासाठी दूर असतो. घरी पोचतो तोवर आई गेलेली असते आणि त्याला पाहायला मिळते फक्त तिची राख. आईची लाडकी मांजर खाणंपिणं सोडते आणि पाठोपाठ मरते. मोठ्यांच्या आकांतापेक्षा मुलांना ही मांजर जास्त लागते, हे मी दरवेळी पाहिलं आहे. दुःख केवढं आहे हे माणसांच्या रडण्यावरून मोजायला मुलं अजून शिकलेली नसतात. ताटलीतलं न प्यायलेलं दूध मात्र त्यांना लगेच कळतं. आणि मिलच्या कामासाठी गावी आई ठेवून आलेल्या घरांत, वेळेवर न पोचण्याची भीती काही पुस्तकी नाही. आजी आजारी असल्याचा फोन आल्यावर रात्रीच्या भुसावळ गाडीला धावणारे वडील या मुलांनी पाहिलेले असतात.

आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये या पुस्तकावर चित्रपट काढला. वनमाला आई झाल्या, माधव वझे श्याम. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक देण्याची प्रथा सुरू झाली तेव्हा पहिलं पदक याच चित्रपटाला मिळालं. अलीकडे शांता गोखले यांनी पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला आहे. इथल्या इंग्रजी शाळांत जाणाऱ्या मराठी मुलांना त्याचा उपयोग होतो. आईबापांनी निदान एक रात्र मराठीतून वाचून दाखवावी, एवढाच माझा आग्रह असतो. गुरुजी ११ जून १९५० ला गेले, त्यामुळे साठ वर्षांची मुदत संपून २०११ पासून पुस्तक स्वामित्वहक्कातून मोकळं झालं. कोणीही छापावं, कोणीही विकावं. म्हणूनच ते आज फार थोड्या पैशांत मिळतं आणि मिल कामगाराच्या घरातही ते विकत घेता येतं.

बेचाळिसावी रात्र संपली की वर्गातून हमखास एक प्रश्न येतो: श्यामचं पुढे काय झालं? गुरुजींनी तेही लिहून ठेवलंय. ‘श्याम’ आहे, ‘धडपडणारा श्याम’ आहे. त्यांत शिकायला बाहेर पडलेला, भुकेला, नादारीवर शाळा गाठणारा मुलगा भेटतो. लिंबायतच्या मुलांना मी हल्ली ती पुस्तकं आधीच आणून ठेवतो. ज्यांना खूप रडू आलेलं असतं त्यांच्या हातात मात्र थेट ‘गोट्या’ देतो, मग पुन्हा श्यामकडे.