बोटांची बाराखडी

"नांदगाव पेठेत भरतनाट्यम? अन् शिकते कोण बाप्पा!" आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा पहिली प्रतिक्रिया ही होती. शिवणक्लास ठीक, पापड-लोणची ठीक, पण शास्त्रीय नृत्य म्हणजे अमरावती-नागपूरच्या मुलींचं काम, असं आपण गृहीतच धरलेलं असतं. तरीही आम्ही नेट लावला. अमरावतीच्या एक शिक्षिका दर शनिवारी यायला तयार झाल्या, देवळाचा सभामंडप मिळाला आणि चौदा मुलींवर वर्ग सुरू झाला.

खरी अडचण नंतर आली. चौदांतल्या एकीच्या आजीनं मला रस्त्यातच गाठलं. "आपल्या घरच्या पोरीनं नाचाचं का? लोकं काय म्हनतीन?"

मैत्रिणींनो, या प्रश्नाला हसून चालत नाही. ज्या स्त्रियांनी पिढ्यान् पिढ्या ही कला जपली, त्यांनाच समाजानं नावं ठेवली. मग 'चांगल्या घरच्या' मुलींना तिचं दारच बंद झालं. १९३५ साली मद्रासला रुक्मिणीदेवी अरुंडेल रंगमंचावर उभ्या राहिल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! आपल्याकडे पुण्यात रोहिणीताई भाटे यांनी १९४७ मध्ये कथकसाठी 'नृत्यभारती' सुरू केली, तेव्हाही घरोघरच्या आयांना हाच प्रश्न पडला असणार.

आणि भरतनाट्यम आपलं नाही, हे तरी कुठे खरं आहे? तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं. तिथले सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. आज भरतनाट्यमचा कार्यक्रम ज्या क्रमानं होतो, तो क्रम बसवण्याचं श्रेय या भावांना देतात. सरफोजीराजांनी नृत्यासाठी चक्क मराठीत रचना केल्या. आपल्या कोकणातले आचार्य पार्वतीकुमार यांनी त्या पुन्हा नृत्यात बसवल्या आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या रसिकांपुढे आणल्या. हे सगळं मी त्या आजींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "राजाचं राजाले शोभते."

वर्ग मात्र सुरू राहिला. पहिले काही शनिवार फक्त पाय आणि हात. हाताच्या मुद्रांना शास्त्रात 'हस्त' म्हणतात. नंदिकेश्वराच्या 'अभिनयदर्पण' या ग्रंथात एका हाताचे २८ आणि दोन्ही हातांचे २३ हस्त दिले आहेत. काही परंपरांत दोन्ही हातांचे २४ धरतात. भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्रा'त हीच गणना २४ आणि १३ अशी येते. थोडक्यात, ही बोटांची बाराखडीच!

सुरुवात 'पताका'पासून. चारही बोटं सरळ, एकमेकींना चिकटलेली, अंगठा दुमडून तर्जनीच्या कडेला. सोपं वाटतं ना? करून बघा, मिनिटाभरात करंगळी सुटून बाजूला जाते. मग 'त्रिपताक', म्हणजे त्याच पताकातली फक्त अनामिका वाकवायची. इथे भल्याभल्यांची फजिती होते, कारण अनामिका शेजारणींना सोबत घेतल्याशिवाय वाकतच नाही. सगळ्या मुली दुसऱ्या हातानं ती बोट दाबून बसवत होत्या! शिक्षिकेनं सांगितलं, जोर लावायचा नाही, दुखेपर्यंत ताणायचं नाही. रोज पाच-दहा मिनिटं पुरेत, महिन्या-दोन महिन्यांत बोट ऐकू लागतं. मीसुद्धा कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता त्रिपताक करून पाहिला. चाळिशीतली बोटंसुद्धा शिकतात बरं का!

पण आकार जमला म्हणजे मुद्रा आली, असं नाही. प्रत्येक हस्ताचा 'विनियोग' असतो, म्हणजे तो कुठे कुठे वापरायचा ते. एकट्या पताकाचे तिसाहून जास्त उपयोग सांगितले आहेत. ढग, वन, रात्र, नदी, वारा, चांदणं, दार लावणं, 'नको' म्हणणं... हात तोच, पण तो कुठे धरला, कसा हलवला आणि नजर कुठे गेली, यावर अर्थ ठरतो. हातामागे नजर आणि नजरेमागे मन गेलं पाहिजे, हा अभिनयदर्पणातला विचार नृत्य शिकणाऱ्या प्रत्येकीला सांगतात.

आणि इथेच आपण आया घाई करतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाची 'प्रारंभिक' परीक्षा कधी, दहावीला वाढीव गुण किती, याचीच चौकशी जास्त. मुलीही मग पाढ्यांसारखे श्लोक घोकतात. आमच्याकडच्या एकीनं पताकाचा अख्खा विनियोग न अडखळता म्हणून दाखवला. शिक्षिका म्हणाल्या, "छान. आता नदी दाखव." तिचा हात नुसता पुढे-मागे झाला. त्यात पाणी कुठेच नव्हतं.

पुढच्या खेपेला 'कटकामुख' होता. तर्जनी आणि मधलं बोट अंगठ्याला टेकवायचं, उरलेली दोन वर उचललेली. फुलं खुडणं, माळ धरणं यासाठी हा हस्त येतो. सगळ्यांनी फुलं खुडली, पण त्या आजींच्या नातीचा हात वेगळाच दिसला. बोटं पुढे गेली, हलकेच आत शिरली, एक छोटा हिसका आणि मनगट कमरेकडे वळलं. शिक्षिकेनं विचारलं, "हे कुठे पाहिलंस?"

"आई कापूस वेचते ना, तशी केली."

त्या दिवशी वर्गाचा नूरच पालटला. मुली गावातले हात शोधायला लागल्या. मिटलेलं बोंड म्हणजे पाची बोटांची टोकं जुळवलेला 'मुकुल'. तो हळूहळू उघडत 'अलपद्म' झाला की बोंड फुटलं! शिक्षिकेनं एक मात्र बजावलं. हस्ताचा आकार शास्त्रात सांगितलाय तसाच राहील, त्यात आपली ढवळाढवळ नाही. पण त्या आकारात जीव भरायचा तो आपल्या पाहण्यातून. शास्त्रानं कमळ सांगितलं, आमच्या मुलींनी बोंड पाहिलेलं आहे. बोंडावरून त्या कमळाकडे जाऊ शकतात.

दिवाळीनंतर मात्र तीच मुलगी यायची बंद झाली. घरी गेले, तर वेचणी लागलेली. किलोवर मजुरी मिळते, घरात जितके हात तितके पैसे. तिची आई म्हणाली, "ताई, तिले हौस हाय हे मले समजते. पन मुद्रेनं पोट भरते का?" यावर मी काय भाषण देणार? ती खोटं बोलत नव्हती. पण शिकण्याच्या वयातली पोर शनिवारी वावरात असावी, हेही मनाला पटेना. मंडळात चर्चा झाली. वर्ग दुपारऐवजी संध्याकाळी सातला ठेवायचा आणि मुलींना घरी सोडायला दोघी-दोघींनी पाळीनं जायचं, असं ठरलं. दुपारच्या शाळेचा प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी आमचं घरोघरी जाणं सुरूच असतं.

तीन आठवड्यांनी ती आली. बोंडांच्या वाळक्या टोकांनी बोटं ओरखडलेली. सोबत आजी, पायरीवर बसलेल्या, चेहरा तसाच करडा. नातीनं कटकामुख धरला, तशा त्या न राहवून बोलल्या, "असं नाई व पोरी! बोंड आधी डाव्या हातानं धरा लागते." आणि बसल्या जागी दोन्ही हातांनी करून दाखवलं. सगळ्या मुली आजींकडे पाहत राहिल्या, शिक्षिकाही. नातीचा डावा हात पुढे आला आणि हवेत खरंच झाड उभं राहिलं.

आजी पूर्ण वळल्या, असं समजू नका. "परीक्षेवरी जाऊ दे, मंग पाहू," एवढीच परवानगी आहे. आमच्यासाठी तेवढी पुष्कळ!

मैत्रिणींनो, तुमची मुलगी मुद्रा शिकत असेल तर घरी आल्यावर किती झाल्या ते विचारू नका. एखादी करून दाखवायला सांगा आणि हा हात तिनं कुठे पाहिला ते विचारा. तिला पोळी लाटणारे, जात्यावर बसलेले, धुणं पिळणारे हात पाहू द्या. आणि गावात असा वर्ग काढायचा विचार असेल तर वेळ ठरवण्याआधी वेचणीचा हंगाम बघा. यंदा आम्ही दिवाळी ते संक्रांत वर्ग संध्याकाळीच ठेवायचा, असा ठराव आधीच करून टाकला आहे.