बचावपटूला दुसरा सामना हवा

फुटबॉल पाहणाऱ्या कुणालाही गोल करणाऱ्यांची नावं विचारा, घडाघडा दहा सांगेल. गोल अडवणाऱ्यांची विचारा, तिसऱ्या नावाला अडखळेल. आपल्या कबड्डीतही तेच. चढाईत तीन गडी मारून येणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात. त्याच सामन्यात डाव्या कोपऱ्यात उभं राहून चार वेळा घोटा धरणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी पारावर निघत नाही. मात्र त्याच्या हातून एक पकड सुटली, तर ती वर्षभर निघते.

मी मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढे इथला. शाळेच्या मैदानावर मुलामुलींना खेळवण्यात माझी हयात गेली. आज बोलायचं आहे ते अशा मागे उभ्या राहणाऱ्या खेळाडूबद्दल, आणि तेही मुलींच्या फुटबॉलमधल्या. तिची कारकीर्द कशी घडते, आणि आपल्याकडे ती घडण्याआधीच का थांबते, एवढाच प्रश्न आहे. उदाहरण घेऊ स्पेनमधल्या एका मुलीचं.

तिचं नाव ओल्गा कार्मोना. जन्म १२ जून २००० चा, सेव्हिल शहरातला. हे शहर फ्लामेंको नृत्यासाठी प्रसिद्ध. आईवडिलांनी मुलीला नाचाच्या वर्गाला घातलं, पोहायलाही पाठवलं. पण भाऊ फुटबॉल खेळत, तेव्हा हिचाही ओढा तिकडेच. वस्तीतल्या संघातून ती सेव्हिया क्लबात गेली आणि शाळकरी वयातच मोठ्यांच्या संघात आली. २०२० साली रेआल माद्रिद या नामांकित क्लबाने स्वतःचा महिला संघ उभा केला, तेव्हा पहिल्याच वर्षी तिला घेतलं. पुढच्या वर्षी ती देशाकडून खेळली. २०२५ मध्ये ती पॅरिसच्या क्लबात गेली.

तिची जागा डाव्या बाजूच्या बचावपटूची. तिचं पहिलं काम समोरच्या संघाची उजव्या कडेने येणारी खेळाडू रोखणं. पण आजच्या फुटबॉलमध्ये एवढ्यावर भागत नाही. आपला संघ चढाईवर असला की तिने कडेकडेने पुढे धावत जायचं, पास द्यायचा, जमलं तर गोलावर मारायचं. आणि चेंडू हातचा गेला की तेवढंच अंतर उलट धावत आपल्या जागी यायचं. ती पुढे गेली की मागे जागा रिकामी पडते. पुढे जायचं कधी आणि थांबायचं कधी, हा निर्णय तिला सामन्यात शंभरदा घ्यावा लागतो. सगळे निर्णय बरोबर येणं कुणालाच शक्य नाही.

२०२३ च्या विश्वचषकात हे फार स्पष्ट दिसलं. उपांत्य सामन्यात स्वीडनने ८८ व्या मिनिटाला बरोबरी साधली. लगेच पुढच्याच मिनिटाला स्पेनला कॉर्नर मिळाला, आणि कार्मोनाने दुरून मारलेला चेंडू आडव्या खांबाला लागून जाळ्यात गेला. स्पेन २-१ ने जिंकला. २० ऑगस्टला सिडनीत इंग्लंडशी अंतिम सामना होता. इंग्लंडची उजवी बचावपटू ल्यूसी ब्रॉन्झ चेंडू घेऊन मैदानाच्या मध्यापर्यंत आली आणि तिथे तिच्याकडून चेंडू हिसकावला गेला. तिच्या मागची जागा मोकळी होती. स्पेनने तीन-चार पासांत चेंडू तिकडे पोचवला, कार्मोना धावत आली आणि २९ व्या मिनिटाला डाव्या पायाने तिने गोल केला. तोच एकमेव गोल. स्पेनने पहिल्यांदा महिलांचा विश्वचषक जिंकला.

गोल केल्यावर तिने आतल्या बनियनवरचं एक नाव दाखवलं. ते एका मैत्रिणीच्या नुकत्याच वारलेल्या आईचं होतं. सामना संपल्यावर तिला कळलं, की तिचे स्वतःचे वडील दोन दिवसांपूर्वी वारले आहेत. घरच्यांनी सामना होईपर्यंत तिला ते कळू दिलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, ब्रॉन्झचं काय झालं? विश्वचषकाचा अंतिम सामना, आणि तिच्या हातून गेलेल्या चेंडूवर गोल. आपल्याकडे अशा मुलीचं नाव कायमचं खाली पडलं असतं. ब्रॉन्झ मात्र खेळत राहिली. २०२५ च्या युरोपीय स्पर्धेत उपांत्यपूर्व सामन्यात स्वीडनविरुद्ध तिने महत्त्वाचा गोल केला आणि नंतर पेनल्टीही मारली. नडगीच्या हाडाला तडा गेलेला असताना ती ती स्पर्धा खेळली, हे नंतर समजलं. अंतिम सामना पुन्हा स्पेनशीच झाला, समोर कार्मोनाही होती. या वेळी पेनल्टींवर इंग्लंड जिंकलं.

दुसरं उदाहरण तर आपल्या महाराष्ट्रातलं आहे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेन विरुद्ध कोलंबिया. ८२ व्या मिनिटापर्यंत गोल नव्हता. मग गोल झाला तो कोलंबियाच्याच बचावपटूकडून, आपल्याच जाळ्यात. आना मारिया गुझमान तिचं नाव. त्या एका स्वयंगोलावर स्पेन जगज्जेता ठरला.

त्यानंतर नऊ-साडेनऊ महिन्यांनी, ८ ऑगस्ट २०२३ रोजी, मोठ्यांच्या विश्वचषकात मेलबर्नला कोलंबिया आणि जमैका समोरासमोर होते. नेहमीची डावी बचावपटू बंदीमुळे बाहेर होती. प्रशिक्षकांनी तिच्या जागी उभं केलं अठरा वर्षांच्या गुझमानला. ५१ व्या मिनिटाला तिने डावीकडून मैदानाच्या पार पलीकडे लांब पास टाकला, तो कातालिना उस्मेने बरोबर घेतला आणि गोल केला. कोलंबिया १-० ने जिंकून पहिल्यांदाच उपांत्यपूर्व फेरीत गेलं.

या मुली लोखंडाच्या बनलेल्या आहेत असं नाही. चुकीनंतर त्यांना पुढचा सामना मिळाला, ही खरी गोष्ट आहे. स्पेनच्या महिला लीगमध्ये सोळा संघ आहेत. प्रत्येक संघ हंगामात तीस साखळी सामने खेळतो. या आठवड्यात चुकलेली मुलगी पुढच्या आठवड्यात पुन्हा मैदानावर असते. हे तिथेही फुकट मिळालेलं नाही. स्पेनच्या महासंघाने महिला फुटबॉलला मान्यता दिली ती १९८० मध्ये. २०१५ साली संघ पहिल्यांदा विश्वचषकात गेला, तेव्हा एकही सामना न जिंकता परतला. पुढे २०२३ चा विश्वचषक जिंकल्यानंतर महिन्याभरातच लीगच्या खेळाडूंनी संप केला, आणि वर्षाचं किमान वेतन १६ हजार युरोंवरून २१ हजारांवर नेलं. खेळून पोट भरतं म्हटल्यावर वयाच्या पंचविशीतही मुलगी खेळात टिकते.

आता आपल्याकडे पाहा. २०२२ च्या त्याच स्पर्धेत यजमान म्हणून भारताचा संघ होता. कप्तान होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अष्टम उरांव, तीही बचावपटू. पुण्याची काजोल डिसोझाही संघात होती. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५ अशी हार झाली. अष्टमच्या गावी तिच्या सन्मानार्थ रस्ता बांधायला घेतला होता, आणि तिचे आईवडील त्याच रस्त्यावर मजुरी करत होते, हे त्या वेळी वर्तमानपत्रांतून आलं. मुलींना शिबिरं मिळाली होती, परदेश दौरेही झाले होते. पण शिबिरात चूक दुरुस्त करता येते. चूक पचवायला खरे सामने लागतात. राष्ट्रीय महिला लीग आपल्याकडे २०१७ साली सुरू झाली. २०२४-२५ च्या हंगामात तिच्यात आठ संघ होते, म्हणजे संघाला चौदा सामने. तरीही फळ दिसू लागलं आहे. जुलै २०२५ मध्ये भारताच्या महिला संघाने थायलंडला त्यांच्या घरी २-१ ने हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली.

पण तालुक्यात काय? शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत्या पायऱ्यांनी होतात आणि सामने बहुतेक बाद पद्धतीचे. पहिला हरलात की ट्रॅक्टरमध्ये बसून घरी. आघाडीच्या मुलीचा एक फटका हुकला तर दुसरा मारता येतो. बचावातल्या मुलीची एक चूक झाली की संघाचं वर्ष संपतं, आणि बोट तिच्याकडेच असतं. पुढच्या वर्षी ती नववी-दहावीत गेलेली असते. आधीच घरी कापूस वेचणीला हात हवे असतात. ती खेळ सोडते आणि कुणाला चुकल्यासारखंही वाटत नाही. बाद पद्धतीत आपण सगळ्यात आधी गमावतो ते बचावपटू.

याला उपाय खर्चिक नाही. धामणगाव, रोहिणखेड, पिंपळगाव देवी आणि मोताळा असे मुलींचे चार संघ करावेत, सात-सात जणींचे. प्रत्येकाने उरलेल्या तिघांशी दोनदा खेळावं, एकदा आपल्या गावी आणि एकदा त्यांच्या. एकूण बारा सामने, प्रत्येक मुलीच्या वाट्याला सहा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एका दुपारी दोन सामने सहज होतात; सहा शनिवारांत साखळी पूर्ण. वेचणी आटोपल्यावर जानेवारीत सुरू केलं तर परीक्षेच्या आधी संपतं, आणि तोवर काळी जमीनही वाळून टणक झालेली असते.

यातून ओल्गा कार्मोना निघेलच असं मी म्हणत नाही. पण पहिल्या शनिवारी जिच्या पायातून चेंडू निसटला, ती मुलगी दुसऱ्या शनिवारी त्याच जागी उभी राहील. गावाने तिला एवढं द्यायला हरकत नसावी.