पटावर साठ, चटईवर पंधरा : अंगणवाडीचा आकडा कसा वाचायचा?

बेळगाव : शाळा उघडायच्या सुमारास गावात एकच विचारणा असते, 'यंदा मराठी शाळेत पहिलीला किती?' खरं तर याचं उत्तर तीन वर्षं आधीच अंगणवाडीच्या चटईवर मिळतं. मात्र अंगणवाडीचा पट बघताना बरेच जण फसतात.

1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत सहा वर्षांपर्यंतची मुलं तर येतातच, शिवाय गरोदर व स्तनदा माताही लाभार्थी असतात. तीन वर्षांखालच्या मुलांचा आहार घरी दिला जातो. रोज येऊन बसायचं ते 3 ते 6 वयोगटाने. समजा, एका केंद्रात 60 लाभार्थी आहेत. त्यात 12 माता आणि तिनाच्या आतली 25 मुलं. राहिली 23. त्यातली आठ व्हॅनमधून खासगी एलकेजीला गेली की चटईवर 15 उरतात. म्हणजे एका वर्षाची जेमतेम पाच! त्यातही घरी मराठी बोलणारी किती, कन्नड किती, उर्दू किती, हा हिशेब वेगळाच. दोन पोरं इकडेतिकडे झाली तरी पहिलीचा वर्ग हलतो.

घटनेच्या कलम 350अ मध्ये अल्पसंख्याक भाषिक मुलांना मातृभाषेतून शिकवण्याची सोय करण्यास सांगितलं आहे, पण ते प्राथमिक टप्प्यासाठी. शिक्षण हक्क कायद्यातही 3 ते 6 वयाचं शिक्षण सक्तीचं नाही. त्यामुळे चटईवर कोणती भाषा चालणार, हे बरंचसं सेविका कोण आहे यावर ठरतं.

2024 मध्ये कर्नाटकात सरकारी शाळांतच एलकेजी-युकेजी सुरू करण्याला अंगणवाडी सेविकांनी विरोध केला. मुलं गेली तर केंद्रात उरणार काय, हा त्यांचा सवाल होता आणि तो रास्तच होता. नंतर अंगणवाड्यांतही असे वर्ग सुरू करण्याचं ठरलं. हे खातं बेळगाव ग्रामीणच्या आमदार लक्ष्मी हेब्बाळकर यांच्याकडेच आहे.

त्यात पहिलीसाठी 1 जूनला सहा वर्षं पूर्ण हवीत, असा नियम आला. 2025-26 पुरती पाच वर्षं पाच महिन्यांची सवलत मिळाली. वय भरेपर्यंत मूल अंगणवाडीत थांबलं तर ठीक, पण त्या काळात एलकेजीत गेलेलं पोर मराठी पहिलीला परत येणं कठीणच. म्हणून एसडीएमसीच्या मंडळींनी मे महिन्यात सहा वर्षांची पोरं शोधण्याआधी गल्लीतली तीन वर्षांची पोरं मोजलेली बरी.