भरीत पार्टी : आग विझली, धोका नाही!

थंडी पडली की आपल्या खान्देशात भरीत पार्ट्यांचा सीझन सुरू होतो. मुंबई-पुण्याकडे ज्याला 'बार्बेक्यू' म्हणतात, ते आपल्याकडे मळ्यात, अंगणात, गच्चीवर पिढ्यानपिढ्या चालू आहे. ग्रिलच्या जागी कपाशीच्या वाळलेल्या काड्या आणि चिकनच्या जागी वांगी, एवढाच फरक! जळगावच्या भरीताच्या वांग्याला तर २०१६ साली जीआय मानांकनही मिळालं.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे 'फायर ट्रँगल' पाठ केला होता : इंधन, ऑक्सिजन आणि उष्णता. तिन्ही एकत्र आले की आग, एक काढला की आग बंद. पण पार्टीत आपण फक्त ज्वाळेला घाबरतो. खरा धोका असतो तो न दिसणाऱ्या गोष्टींत.

पहिली गोष्ट, वाफ. वांग्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. पाण्याची वाफ झाली की तिचं आकारमान सुमारे १६०० पटींनी वाढतं. साल घट्ट, वाफेला वाट नाही, मग वांगं फटकन फुटतं आणि गरम गर तोंडावर उडतो. म्हणून आई-आजी वांग्याला तेल लावून टोचे मारतात. हे शास्त्रच आहे! हाच नियम दगडांना. तापी, गिरणा किंवा पांझरेच्या पात्रातले ओले दगड चुलीला लावू नका. आतलं पाणी तापून दगड तडकतो. कोरड्या विटा बऱ्या.

दुसरी गोष्ट, रॉकेल किंवा पेट्रोलची वाफ. काड्या ओलसर असल्या की कुणीतरी हिरो बाटली घेऊन येतो. गरम निखाऱ्यावर तेल पडलं की त्याची लगेच वाफ होते, ती भडका घेते आणि ज्वाळा धारेवरून थेट हातापर्यंत येते. काड्या वाळलेल्याच घ्या आणि पेटवायला कागद वापरा. कपाशीच्या काड्या भरभर जळतात, ठिणग्या उडतात. त्यामुळे काड्यांचा ढीग, कडबा आणि गॅस सिलिंडर लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला ठेवा. मुलींनो, नायलॉनची ओढणी कमरेला घट्ट बांधा, नाहीतर सरळ काढून ठेवा. कपडे पेटलेच तर पळू नका, जमिनीवर लोळा.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कार्बन मोनॉक्साइड. पार्टी संपते, थंडी वाढते आणि कुणीतरी म्हणतं, "निखाऱ्याची पाटी रूमवर नेऊ या, धूर तर येत नाही!" इथेच जीव जातो. ऑक्सिजन अपुरा पडला की निखाऱ्यातून हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर कळतही नाही. धूर नाही म्हणजे धोका नाही, हा गैरसमज आहे. शेगडी असो की गोवऱ्यांचा विस्तव, रूममध्ये, बंद गॅलरीत किंवा गाडीत कधीच नेऊ नका. कुणाला त्रास झालाच तर आधी मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

चौथी गोष्ट, राख. वरून पांढरी, आतून लाल! राखेच्या थराखाली निखारा हळूहळू जळत राहतो. बट्टीसाठी गोवऱ्या पेटवल्या असतील तर तो सकाळपर्यंतही टिकतो. रात्री वारा सुटला की बाजूचा कडबा पेटायला वेळ लागत नाही. म्हणून पाणी टाका, काठीने ढवळा, पुन्हा पाणी टाका. मग तळहाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा. धग लागली तर अजून पाणी हवं. पाण्याच्या दोन बादल्या आणि थोडी वाळू पार्टी सुरू होण्याआधीच भरून ठेवा.

एवढं करूनही भाजलंच तर नळाच्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. सूज यायच्या आत अंगठी, बांगड्या काढा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका. स्वच्छ कापडाने सैलसर झाका आणि दवाखाना गाठा.

यंदा हॉस्टेलची भरीत पार्टी ठरली की वांगी आणायला दहा जण तयार असतील. सर आणि मॅडमना विनंती, एकाचं नाव राख विझवायलाही आधीच लिहून घ्या. सगळे जेवून उठल्यावर शेवटी जागा सोडणारा तोच असावा. बाकी कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचं झणझणीत भरीत पोटभर हाणा!