फुगणारी टाकी आणि त्रासलेले नौकाचालक

अमेरिकेत उन्हाळा सुरू झाला की सरोवरांच्या आणि खाड्यांच्या काठी लहान नौकांची गर्दी होते. मासेमारीसाठी वा केवळ सहलीसाठी निघालेल्या या नौकांच्या मागील बाजूस आउटबोर्ड इंजिन बसवलेले असते आणि त्याला लागणारे पेट्रोल नौकेतच ठेवलेल्या प्लास्टिकच्या लाल टाकीतून रबरी नळीद्वारे पुरवले जाते. ही टाकी उचलून पंपावर नेता येते, भरून परत आणता येते. साधारण २३ लिटरची अशी टाकी गेली अनेक दशके तेथील नौकानयनाचा अविभाज्य भाग आहे. मात्र २०११ पासून बाजारात आलेल्या नव्या टाक्यांविषयी नौकाधारकांची तक्रार कायम आहे. ऊन लागताच या टाक्या फुग्यासारख्या फुगतात आणि कधी कधी इंजिन बंद असतानाही त्यात पेट्रोल ढकलतात.

या तक्रारीचे मूळ अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजेच ईपीएने, २००८ मध्ये जाहीर केलेल्या नियमावलीत आहे. लहान पेट्रोल इंजिने आणि नौकांची इंजिने यांच्यापासून होणारे प्रदूषण कमी करणे हा या नियमांचा उद्देश होता. त्यात धुराबरोबरच इंधनाच्या बाष्पीभवनाचाही विचार करण्यात आला. इंजिनापासून वेगळी केलेली टाकी आपोआप बंद झाली पाहिजे आणि आतील दाब प्रति चौरस इंच ५ पौंड होईपर्यंत तिच्यातून वाफ बाहेर पडता कामा नये, अशी अट घालण्यात आली. आत पोकळी निर्माण झाल्यास बाहेरील हवा आत घेणारी झडप ठेवण्यास मात्र मुभा देण्यात आली. थोडक्यात, हवा आत जाऊ शकते, वाफ बाहेर येऊ शकत नाही.

जुन्या टाकीच्या झाकणावर हाताने फिरवायचा एक छोटा स्क्रू असे. इंजिन सुरू करण्यापूर्वी तो सैल करायचा आणि काम संपल्यावर घट्ट करायचा, अशी रीत होती. प्रत्यक्षात तो बहुतेकदा सैलच राहत असे आणि नेमके हेच नियामकांना खटकत होते. उघड्या स्क्रूवाटे दिवसभर पेट्रोलची वाफ हवेत मिसळत राही. या वाफेतील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि तो श्वसनविकारांना निमंत्रण देतो. शिवाय पेट्रोलच्या वाफेत बेंझिनसारखे कर्करोगकारक द्रव्यही असते.

ही काळजी अनाठायी नव्हती. जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिने आपल्याला मिळालेल्या पेट्रोलपैकी सुमारे पाव हिस्सा न जाळताच पाण्यात सोडत असत. १९९६ च्या नियमांनी त्यांना लगाम घातला आणि पुढील दशकात फोर-स्ट्रोक तसेच थेट इंधन फवारणीची इंजिने रूढ झाली. इंजिने स्वच्छ होत गेली, तसा टाकी आणि नळी यांतून होणाऱ्या बाष्पीभवनाचा एकूण प्रदूषणातील वाटा नजरेत भरू लागला. मोटारींच्या बाबतीत ही वाफ कोळशाच्या डबीत शोषून नंतर इंजिनातच जाळण्याची व्यवस्था अमेरिकेत १९७० च्या दशकातच आली होती. भारतातही दुचाकींच्या इंधन बाष्पीभवनावर भारत स्टेज-४ च्या मानकांनी मर्यादा आणली.

तथापि उचलून नेता येणाऱ्या टाकीला अशी डबी जोडणे सोयीचे नाही. ती आडवी पडते, मोटारीच्या डिकीत जाते, तिची नळी वारंवार काढली जाते. म्हणून नियमकर्त्यांनी सर्वांत सोपा मार्ग निवडला आणि वाफ टाकीतच कोंडून ठेवण्यास सांगितले. कागदावर हा उपाय निर्दोष आहे. अडचण उभी राहते ती उन्हात.

पेट्रोल अत्यंत बाष्पशील असते. उन्हाळ्यात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलचा बाष्पदाब ३८ अंश सेल्सियस तापमानाला प्रति चौरस इंच सुमारे ९ पौंड असतो आणि सकाळच्या २० अंशांना तो जवळपास निम्मा असतो. अमेरिकेत सर्वत्र मिळणाऱ्या १० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये हा दाब आणखी थोडा वाढतो. सकाळी थंड वेळी झाकण घट्ट लावलेली टाकी दुपारी उन्हात तापली की वाढलेली वाफ आणि प्रसरण पावलेली हवा मिळून आतील दाब ५ पौंडांच्या घरात सहज नेऊन ठेवतात. हा आकडा किरकोळ वाटतो, पण तो प्रत्येक चौरस इंचावरील भार आहे. टाकीची एक बाजू दीड फूट लांब आणि एक फूट उंच धरली तर त्या एका बाजूवर जवळपास ४९० किलो भार पडतो. प्लास्टिकची भिंत बाहेर फुगते आणि नौकेच्या बाकाखाली बेताने बसवलेली टाकी तेथेच अडकून बसते.

टाकी फुगणे हा केवळ वैताग झाला. खरा धोका नळीच्या दुसऱ्या टोकाला आहे.

आउटबोर्ड इंजिनाची इंधनव्यवस्था टाकीत दाब नाही, असे गृहीत धरून आखलेली होती. इंजिनाचा लहानसा पंप टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. सुरुवातीला नळीतील रबरी फुगा हाताने दाबून पेट्रोल वर चढवावे लागते. कार्ब्युरेटरमध्ये तरंगत्या गोळ्याला जोडलेली सुई असते आणि ती पेट्रोलची पातळी भरताच वाट बंद करते. ही सुई पंपाचा सौम्य दाब अडवू शकते, तापलेल्या टाकीचा नव्हे. नळी जोडलेली ठेवून नौका उन्हात उभी केली की टाकीतील दाब पेट्रोलला नळीतून, फुग्यातील एकतर्फी झडपांतून, पंपातून पुढे रेटतो. त्या झडपांची दिशा इंजिनाकडेच असल्याने त्या या प्रवाहाला विरोध करीत नाहीत. मग सुई हार मानते, कार्ब्युरेटर तुडुंब भरतो आणि पेट्रोल इंजिनाच्या आवरणात, तेथून नौकेत अथवा पाण्यात ठिबकू लागते. नळीचा जोड सैल असेल तर गळती तेथूनच होते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती नौकेच्या तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीने पेट घेऊ शकते. त्यामुळे काही ग्रॅम वाफ वाचवण्यासाठी केलेल्या टाकीतून द्रवरूप पेट्रोलच सरोवरात जात असेल, तर हे कसले पर्यावरण संरक्षण, असा नौकाधारकांचा सवाल आहे. तो अतिशयोक्त असला तरी निराधार नाही. नियमाने टाकीला कोंडले, पण तिला जोडल्या जाणाऱ्या जुन्या इंजिनांचा आणि नळ्यांचा पुरेसा विचार केला नाही, असे म्हणण्यास जागा आहे.

उपाय मात्र उपलब्ध आहे. टाकी आणि इंजिन यांच्यामधील नळीत बसवायची एक छोटी झडप बाजारात मिळते. इंग्रजीत तिला फ्युएल डिमांड व्हॉल्व्ह म्हणतात. इंजिनाचा पंप जेव्हा पेट्रोल ओढतो तेव्हाच ती उघडते. टाकीकडून कितीही दाब आला तरी ती बंद राहते. काही नव्या नळ्यांमध्ये आणि टाक्यांमध्ये ती आधीच बसवलेली असते. ज्यांच्याकडे ती नाही, त्यांना इंजिन थांबवताच नळी सोडवून ठेवावी, टाकी सावलीत अथवा ओल्या कापडाखाली ठेवावी, पेट्रोल प्रसरणासाठी थोडी जागा सोडून भरावे आणि नळी पुन्हा जोडण्यापूर्वी झाकण हळूच सैल करून दाब उतरवावा, असा सल्ला दिला जातो. या अखेरच्या सूचनेतील विसंगती नजरेआड करता येत नाही. दिवसभर कोंडलेली वाफ त्या क्षणी एकदम हवेतच जाते.

याउलट अनेकजण स्वतःच तोडगा काढतात. कुणी जुन्या बनावटीची टाकी जपून वापरतो, आणि त्यास मनाई नाही, कारण नियम नव्याने उत्पादित टाक्यांना लागू आहे. कुणी नव्या टाकीला भोक पाडतो. हा प्रकार बेकायदा तर आहेच, पण नौकेच्या बंदिस्त भागात वाफ सोडणारा म्हणून अधिक घातकही आहे. काही तक्रारी उलट स्वरूपाच्या असतात. हवा आत घेणारी झडप घाणीने चिकटली की टाकी आत ओढली जाते आणि भर सरोवरात इंजिन पेट्रोलविना बंद पडते.

याच सुमारास दुसऱ्या एका नियमानेही नौकाधारकांना डिवचले. पंपावरून पेट्रोल आणण्याच्या साध्या डब्यांना १ जानेवारी २००९ पासून आपोआप बंद होणारी तोटी आणि दर गॅलनमागे दिवसाला ०.३ ग्रॅम बाष्पीभवनाची मर्यादा बंधनकारक झाली. डब्यात हवा शिरण्याची वेगळी वाट न राहिल्याने पेट्रोल अडखळत पडते व बाहेर सांडते, अशी ओरड शेतकरी, बागकाम करणारे आणि नौकाधारक या सर्वांनीच केली. जुलै २०२५ मध्ये ईपीएने उत्पादकांना अशा डब्यांना हवेची वाट ठेवण्याचे आवाहन केले. हे आवाहन इंधन ओतण्याच्या डब्यांपुरते होते. नौकेच्या टाकीला लागू असलेल्या ५ पौंडांच्या अटीला त्याने हात लावलेला नाही.