आयुष्मान कार्डवर रायपूरमध्ये ऑपरेशन : आधीची तयारी आणि नंतरची काळजी

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले की घरात पहिला प्रश्न पैशांचा येतो. छत्तीसगडमध्ये शहीद वीर नारायण सिंह आयुष्मान स्वास्थ्य योजनेत अंत्योदय आणि प्राधान्य रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत, तर इतर रेशनकार्डधारक कुटुंबाला ५० हजार रुपयांपर्यंत मोफत उपचार मिळतात. ही रक्कम माणशी नसून संपूर्ण कुटुंबासाठी असते. त्यामुळे या वर्षी घरातील कोणावर उपचार झाले असतील तर किती रक्कम शिल्लक आहे ते आधी विचारून घ्या.

गोंदिया, भंडारा भागातून अनेक जण रायपूरला उपचारासाठी येतात. तुमचे कुटुंब केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत पात्र असेल तर महाराष्ट्रात काढलेले कार्ड रायपूरच्या संलग्न रुग्णालयातही चालते. केवळ राज्याच्या योजनेतील पात्रता मात्र राज्याबाहेर धरू नका. गाडीत बसण्यापूर्वी १४५५५ या क्रमांकावर खात्री करा.

दाखल होताना

रायपूरचे आंबेडकर रुग्णालय (म्हणजेच मेकाहारा), डीकेएस किंवा एखादे संलग्न खाजगी रुग्णालय, कुठेही गेलात तरी आधी आयुष्मान मित्राच्या खिडकीवर जा. आयुष्मान कार्ड, आधार कार्ड, रेशनकार्ड आणि जुने सर्व रिपोर्ट सोबत असू द्या. रुग्णाची ओळख पटल्यावर रुग्णालय ऑपरेशनसाठी ऑनलाइन मंजुरी मागते. आधी पैसे भरून नंतर कार्ड दाखवू, असे करू नका. ही योजना भरलेले पैसे परत देण्याची नाही. काही ऑपरेशने फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात, म्हणून खाजगी रुग्णालयात नकार मिळाला तर कारण विचारा. दाखल होण्यापूर्वीच्या ३ दिवसांतील तपासण्या व औषधे पॅकेजमध्ये धरली जातात. त्याआधीची ओपीडी धरली जात नाही.

डॉक्टरांपासून काही लपवू नका

आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सिकलसेल. छत्तीसगड आणि पूर्व विदर्भात हा आजार बऱ्याच कुटुंबांत आहे आणि कित्येकांना तो असल्याचे माहीतही नसते. थंडी, शरीरातील पाणी कमी होणे आणि ऑक्सिजन कमी पडणे यामुळे या रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन रक्तवाहिन्या अडवतात. ऑपरेशनच्या वेळी या तिन्ही गोष्टी घडू शकतात. भूलतज्ज्ञाला आधी कळले तर तो रुग्णाला उबदार ठेवतो, सलाईन वेळेवर लावतो, गरज पडल्यास आधी रक्त देतो. घरात कोणाला सिकलसेल असेल, किंवा लहानपणापासून हातपाय ठणकत असतील, तर तपासणी करून घ्या आणि कार्ड मिळाले असेल तर ते सोबत आणा.

खर्रा, गुडाखू, बिडी, दारू यांची सवयही स्पष्ट सांगा. कोणी रागावले तरी चालेल. तंबाखूमुळे जखम भरायला वेळ लागतो आणि बिडीमुळे भुलीनंतर छातीत कफ साचतो. जितक्या लवकर सोडाल तितके बरे. रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या, तसेच वैदूकडील औषध चालू असेल तर दाखवा. कोणती गोळी बंद करायची आणि कोणती चालू ठेवायची हे डॉक्टरच ठरवतील.

उपाशी राहण्याची वेळ काटेकोर पाळा. साधारणपणे ६ तास आधी जेवण बंद आणि २ तास आधी पाणीही बंद असते. दुधाचा चहा हा जेवणातच मोजला जातो. पोटात अन्न असेल तर भुलीत उलटी होऊन ते फुप्फुसात जाऊ शकते.

ऑपरेशन झाल्यावर

डॉक्टरांनी परवानगी दिली की आधार घेऊन चालायला लागा. पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. पोटाचे ऑपरेशन असेल तर खोकताना उशी पोटाशी धरा.

भात, वरण, अंडी खाल्ली की टाके पिकतात, असे घरोघरी सांगतात. त्यात तथ्य नाही. टाके पिकतात ते जंतुसंसर्गाने. डाळ, अंडी, दूध यांतील प्रथिनांनी तर जखम भरून येते. डॉक्टरांनी विशिष्ट पथ्य सांगितले नसेल तर नेहमीचे जेवण द्या. जखमेवर हळद, राख किंवा तेल लावू नका.

घरी सोडल्यानंतर १५ दिवसांची औषधे आणि तपासणी योजनेतच येते, म्हणून डिस्चार्ज कार्ड व औषधे घेतल्याशिवाय निघू नका. टाके काढण्याची तारीख त्यावर लिहून घ्या. ताप, जखमेतून पू, वाढत जाणारी वेदना, एकाच पोटरीला सूज, सतत उलट्या यांपैकी काहीही दिसल्यास तारखेची वाट न पाहता त्याच रुग्णालयात परत जा. दम लागला किंवा छातीत दुखले तर लगेच १०८ ला फोन करा.

कार्ड असूनही कोणी पैसे मागितले तर पावती मागा आणि छत्तीसगडमध्ये १०४ किंवा देशात कुठूनही १४५५५ वर तक्रार नोंदवा.